नव्या संशोधनाला पहिला पैसा कोण देतो? खासगी न्यासांच्या अनुदानाचा आढावा

सालेकसा तालुका गोंदिया जिल्ह्याच्या आणि महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे दरेकसा मागे टाकले की छत्तीसगड लागतो आणि उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा येतो. कचारगडच्या गुहांमुळे माघ पौर्णिमेला देशभरातला गोंड समाज इथे जमतो. संशोधनाच्या विषयांची तालुक्यात कमतरता नाही. सिकलसेल, जंगलपट्ट्यातला मलेरिया, धानाची देशी वाणे, मामा (माजी मालगुजारी) तलावांतले मासे आणि पाणवनस्पती यांतला प्रत्येक विषय नव्या विज्ञानाला पुरेल एवढा मोठा आहे. इथल्या महाविद्यालयातला प्राध्यापक, ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर किंवा छोटी स्वयंसेवी संस्था असा प्रश्न हाती घ्यायला निघाली की पैशाचे काय, हा विचार पहिल्याच दिवशी समोर येतो. सरकारी योजना बहुधा आधीचे शोधनिबंध, प्रयोगशाळा आणि मान्यताप्राप्त संस्था मागतात. मग नजर खासगी न्यासांकडे वळते.

या वाटेबद्दल बोलताना कोणी फार आशेने बोलतो, कोणी फार संशयाने. वाद नेमका कुठपर्यंत आला आहे आणि कोणते प्रश्न अजून उघडे आहेत, ते इथे पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

भारतातल्या आधुनिक विज्ञानाच्या पायाभरणीत खासगी दानाचा वाटा मोठा आहे आणि त्यातले बरेच दान मुंबईतून आले. जमशेटजी टाटांनी १८९८मध्ये आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा एका विज्ञानसंस्थेसाठी देऊ केला. त्यातून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली ती १९०९मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. १९३२मध्ये लेडी टाटा स्मारक न्यास स्थापन झाला आणि रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला, भारतात आणि भारताबाहेरही, पैसा देऊ लागला.

१२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा न्यासाला एक पत्र लिहिले. अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते अभ्यासावे असे मला वाटते. मूलभूत भौतिकशास्त्राची सशक्त शाळा देशात नाही, ही उणीव त्यांनी स्पष्ट मांडली. वीजनिर्मितीसाठी अणुशक्तीचा वापर एक-दोन दशकांत सुरू होईल आणि तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागणार नाही, असेही त्यांनी लिहिले. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सतरा महिने बाकी होते. न्यासाने होकार दिला, मुंबई सरकारने साथ दिली आणि १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. पुढे तिचा मुख्य भार केंद्र सरकारने उचलला.

न्यासाने सुरुवात करावी आणि सरकारने पुढे चालवावे, हा क्रम महाराष्ट्रात आणखी एकदा दिसतो. १९५२मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली, माणसे तापाने आजारी पडू लागली. त्या आजारामागचा विषाणू याच केंद्राने शोधला. क्यासनूर वन ज्वर या नावाने हा आजार ओळखला जातो आणि २०१६पासून आपल्या सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण आढळत आले आहेत. १९६०च्या दशकात रॉकफेलरने हात काढून घेतला. केंद्र मात्र टिकले आणि १९७८मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. आधाराला सरकारी परिषद नसती तर ते टिकले असते का, हे सांगणे कठीण आहे.

सालेकसाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचे आजार असल्याचे त्यांना आढळले. हा निष्कर्ष १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि स्त्रियांच्या आरोग्याकडे फक्त बाळंतपणाच्या चष्म्यातून पाहणाऱ्या धोरणाला प्रश्न पडला. त्यानंतरचा प्रयोग अधिक धाडसी होता. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बाईला प्रशिक्षण द्यायचे आणि नवजात बाळाचा जंतुसंसर्ग तिने घरीच ओळखून इंजेक्शनसह उपचार करायचे. ३९ गावांत हे केले आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने ते प्रसिद्ध केले. या कामामागे फोर्ड आणि मॅकार्थर या अमेरिकी न्यासांचा पैसा होता. नवजात बाळाला इंजेक्शन डॉक्टरनेच द्यावे असे मानणाऱ्या व्यवस्थेच्या चौकटीत हा प्रयोग सहजी बसणारा नव्हता. २०११पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

गेल्या दोन दशकांत चित्र पालटले. २००८मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी एकत्र येऊन शास्त्रज्ञांना दीर्घ मुदतीच्या पाठ्यवृत्ती द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी गेट्स फाउंडेशनने 'ग्रँड चॅलेंजेस एक्सप्लोरेशन्स' आणले. त्यात दोन पानांचा अर्ज, प्राथमिक निष्कर्षांची अट नाही आणि निवड झाल्यास एक लाख डॉलर. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५मुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. २०२३मध्ये संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे आणि त्यातला बहुतांश सरकारबाहेरून आणायचा, अशी त्यामागची कल्पना. संशोधन व विकासावर देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्केच खर्च होत असताना खासगी पैशाला साद घातली जाणे समजण्यासारखे आहे.

अर्जाची वाट

न्यासाचा पैसा मिळवण्याची रीत बाहेरून सोपी दिसते. आधी दोन-तीन पानांचे संकल्पना-टिपण द्यायचे. ते पसंत पडले तर पूर्ण प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि वेळापत्रक. तज्ज्ञांचे परीक्षण होते, संस्थेच्या कागदपत्रांची छाननी होते, करार होतो, आणि मग रक्कम हप्त्याहप्त्याने येते. प्रत्येक हप्त्याआधी खर्चाचे प्रमाणपत्र आणि प्रगती अहवाल लागतो.

खरी अडचण कल्पनेपेक्षा कागदांची असते. देशी न्यासालाही प्राप्तिकर कायद्याखालची करसवलतीची नोंदणी हवी असते. कंपनीचा पैसा घ्यायचा तर १ एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ ही नोंदणी आवश्यक आहे. परदेशी न्यासाचा पैसा घ्यायचा तर परदेशी अंशदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए. त्याच्या नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि त्या काळात तिने उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. हे जमत नसेल तर एका दात्याकडून एका कामासाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण तोही लांबचा.

२०२०च्या दुरुस्तीने या कायद्यात तीन मोठे बदल केले. परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ नये, आणि मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येऊ नये. छोट्या ठिकाणांसाठी तिसरा बदल सर्वांत जड गेला. आधी नागपूर-मुंबईतली मोठी संस्था अनुदान घेऊन त्याचा एक भाग तालुक्यातल्या संस्थेला देऊ शकत असे. ती वाट बंद झाली. परदेशी पैशाच्या गैरवापराला आळा आणि हिशेबाची एकच जबाबदारी, ही सरकारची बाजू; दूरवरच्या कामाचा श्वास कोंडला, ही संस्थांची. दोन्ही बाजूंना आपापली उदाहरणे देता येतात.

कंपन्यांच्या पैशाची आणखी एक गुंतागुंत आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतला संशोधनाविषयीचा भाग २०१९नंतर विस्तारला, पण तो प्रामुख्याने सरकारी पाठबळ असलेल्या प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि प्रकल्पांसाठी आहे. म्हणून छोट्या संस्थेला आपले संशोधन 'आरोग्य', 'पर्यावरण' किंवा 'ग्रामविकास' या मथळ्याखाली मांडावे लागते. मग परीक्षक विचारतो की लाभार्थी किती. नवा प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासाला पहिल्या वर्षी लाभार्थी नसतात.

वेळेचा मेळही बसत नाही. कंपन्या ३१ मार्चच्या आत खर्चाचा हिशेब लावतात. सालेकसा परिसरात पावसाळ्यात गाव रोवणीला शेतात असते, आणि मलेरियाच्या अभ्यासाला नेमके तेच दिवस आणि त्यानंतरचे काही महिने लागतात. मामा तलावातल्या माशांच्या पैदाशीचा हंगामही पावसाळाच. मार्चअखेर घाईने मंजूर झालेली रक्कम जूनपूर्वी हातात पडेल आणि माणसे नेमून होतील, याची खात्री नसते.

नावीन्याला न्यास खरेच साथ देतात का?

न्यासांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा जोखमीचा आहे. सरकारी पैसा करदात्याचा, म्हणून तो जपून खर्च होतो आणि अपयशाची सबब देणे अवघड जाते. न्यासाला ती भीती कमी. याला अभ्यासाचा आधारही आहे. अर्थशास्त्रज्ञ पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रकारच्या जीवशास्त्रज्ञांची तुलना केली. हॉवर्ड ह्यूज या खासगी संस्थेचा पैसा माणसाला मिळतो, प्रकल्पाला नाही. मुदत लांब असते आणि सुरुवातीचे अपयश सोसले जाते. सरकारी अनुदान आखलेल्या प्रकल्पाला मिळते. पहिल्या गटातून फार गाजलेले शोधनिबंध जास्त निघाले. त्याच गटात फसलेले प्रयत्नही जास्त होते, आणि जोखमीचा पैसा म्हणजे काय ते या दुसऱ्या निष्कर्षातून कळते.

दुसरी बाजू अशी की न्यासही शेवटी तज्ज्ञांनाच विचारतात आणि तज्ज्ञ अनोख्या कल्पनेला बिचकतात. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय विद्यापीठातल्या प्रत्यक्ष अनुदान-स्पर्धेचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्ताव जितका नवा, तितके गुण कमी, असे त्यात दिसले. यावर काही ठिकाणी धाडसी उपाय झाले. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने आणि नंतर जर्मनीच्या फोक्सवागन फाउंडेशनने पात्र ठरलेल्या प्रस्तावांतून चिठ्ठ्या टाकून निवड करून पाहिली. करोनाच्या काळात अमेरिकेत 'फास्ट ग्रँट्स'ने ४८ तासांत निर्णय देण्याचा प्रयत्न केला. भारतातल्या न्यासांनी अशा पद्धती फारशा स्वीकारलेल्या नाहीत. चिठ्ठ्यांची कल्पना आपल्याकडे चटकन पटणार नाही हे खरे, पण नावाजलेल्या संस्थांनाच पुन्हा पुन्हा पैसा मिळण्याच्या सवयीवर तो एक प्रामाणिक उपाय आहे, असे माझे मत आहे.

सावधगिरीची बाजू

ज्यांना न्यासांच्या पैशाबद्दल शंका आहे, त्यांचा मुद्दा आदिवासी भागात विशेष वजनदार ठरतो. २००९मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा एक प्रकल्प झाला. 'पाथ' ही अमेरिकी संस्था, वैद्यक संशोधन परिषद आणि राज्य सरकारे त्यात होती. पैसा गेट्स फाउंडेशनचा. लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाल्यावर २०१०मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता चौकशीत फारच कमी ठरली. पण वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या वतीने संमतीच्या सह्या कोणी केल्या, या प्रश्नावर २०१३च्या संसदीय समितीच्या अहवालाने कठोर ताशेरे ओढले. आश्रमशाळा असलेल्या कोणत्याही तालुक्याने हे प्रकरण वाचायला हवे.

वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आता बरीच स्पष्ट आहेत. नैतिक समितीची मान्यता, स्थानिक भाषेतली संमती, परदेशी सहभाग असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी हे सारे लागते. जैवविविधता कायदा २००२नुसार परदेशी संस्थेला इथले जैविक नमुने अभ्यासायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता आवश्यक आहे. नियम आहेत. गोंडी बोलणाऱ्या आजीला ते तिच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस कोणत्या अंदाजपत्रकात बसवायचा, हे ठरलेले नाही.

दुसरी शंका विषयनिवडीची. सिकलसेलचे उदाहरण घेऊ. मध्य भारतातला सिकलसेलचा वाहकदोष नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवला. नंतर पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत आयुष्यभर त्यावर काम केले आणि २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२३ला राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले, त्याच वर्षी परदेशात जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यताही मिळाली आणि अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. जगातल्या न्यासांना या तंत्रज्ञानात रस असणे स्वाभाविक आहे. सालेकसातल्या रुग्णाला मात्र हायड्रॉक्सीयुरियाची गोळी महिनोन् महिने सुरू राहील का, मूल शाळेत टिकेल का, हे प्रश्न आधी भेडसावतात. यांच्यावर विज्ञान करता येते आणि तेही नवे असू शकते. ते अर्जात चमकत नाही, एवढेच.

अनुदानाविना चाललेले विज्ञान

तिसरी भूमिका म्हणते की अनुदानाची चर्चाच वाजवीपेक्षा मोठी झाली आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीला हे पटवून द्यावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३मध्ये शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. दीड एकराचा शेतकरी. ना प्रयोगशाळा, ना प्रस्ताव. ते वाण अनेक राज्यांत पसरले. २००५मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण श्रेय आणि मोबदला या दोन्हींसाठी त्यांना झगडावे लागले आणि २०१८मध्ये ते गेले तेव्हाही त्यांच्या घरची ओढगस्त संपली नव्हती. अनुदानाविना विज्ञान होते, याचा हा पुरावा आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो याचाही.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने धिवर या मच्छीमार समाजासोबत तलावांचे काम केले. कोणती पाणवनस्पती असली की कोणता देशी मासा टिकतो, हे मच्छीमारांना ठाऊक होते. त्याच माहितीवर तलाव पुन्हा जिवंत झाले. अशा ज्ञानाची पद्धतशीर नोंद करण्यासाठी पुढे सरकारी पैसा आला. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठिंब्याने महाराष्ट्र जनुककोशाचे काम झाले आणि २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी १७२ कोटी रुपयांहून अधिक रकमेला मंजुरी दिली. लोकांचे ज्ञान आधी, पैसा नंतर, हा क्रमही शक्य आहे.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न आधीच्या तयारीचा. गडचिरोलीचा नवजात बालकांचा प्रयोग उभा राहिला तो गावागावांतल्या जन्म-मृत्यूंच्या चोख नोंदींवर. त्या नोंदी ठेवायला लागणारी वर्षे आणि माणसे यांचा खर्च फार थोडे न्यास देतात. गेट्सच्या दोन पानी अर्जाने प्राथमिक निष्कर्षांची अट काढली, पण कागदी पात्रतेची अट राहिलीच.

दुसरा प्रश्न संस्था चालवण्याच्या खर्चाचा. हिशेबनीस, वीज, इंटरनेट, नैतिक समितीचे शुल्क यांना प्रकल्पात जागा नसते. कंपन्यांच्या नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेवर नाही. तरीही ती संस्थांवर लादली जाते. हा गैरसमज दूर करायला नवा कायदा लागत नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा आणि चौथा मालकीचा. अर्ज इंग्रजीत, परीक्षक महानगरातले, आणि गावातून गोळा झालेले नमुने व माहिती शेवटी कोणाच्या कपाटात राहणार, यावर करारात एखादी ओळ असते. निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत किंवा गोंडीत वाचून दाखवण्याची अट घालणारे न्यास विरळाच.

पाचवा प्रश्न अपयशाचा. न्यास जोखीम घेतात असे आपण म्हणतो, पण फसलेल्या प्रकल्पांचे अहवाल ते क्वचितच उघड करतात. त्यामुळे पुढचा अर्जदार तीच चूक पुन्हा करतो, आणि नवी कल्पना खरोखर फसली की वेळेत पैसा न आल्याने अर्धवट राहिली, हेही कळत नाही.

या सगळ्यातून माझा निष्कर्ष असा की सालेकसासारख्या ठिकाणी कमतरता कल्पनांची नाही आणि एकंदर पैशाचीही नाही. कमतरता मधल्या दुव्याची आहे. २०१६पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यातली महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. या दोघांनी मिळून जिल्ह्यासाठी एक कक्ष उघडावा. तिथे नैतिक समितीची मान्यता मिळावी, अंदाजपत्रक तपासून मिळावे, हिशेब ठेवला जावा, आणि मराठीत लिहिलेला प्रस्ताव इंग्रजीत नेणारा जाणकार बसलेला असावा. देशी न्यासांनी आपल्या वार्षिक रकमेतला छोटा हिस्सा पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या तालुकास्तरीय संशोधकांसाठी वेगळा ठेवावा आणि तो एप्रिल-मेमध्येच वाटावा. एवढ्यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. विद्यापीठाचा एक ठराव आणि दोन-तीन न्यासांची तयारी पुरेशी आहे.